नकाशात मावणारं जंगल

ओरिएंटीअरिंगमध्ये खेळाडूच्या हातात नकाशा आणि होकायंत्र असतं. जंगलात ठिकठिकाणी लावलेल्या नारिंगी-पांढऱ्या खुणा, म्हणजे कंट्रोल, ठरलेल्या क्रमाने गाठायच्या असतात, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. स्पर्धा भरवायची ठरली की पहिला प्रश्न येतो, कुठल्या जंगलात? ट्रेकिंगची सवय असलेला आपल्याकडचा माणूस इथे बहुधा देखणं जंगल निवडेल. उंच डोंगर, एका बाजूला कडा, खाली दरी. या खेळाला ते फारसं उपयोगाचं नाही.

एक कारण चढाचं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एकूण चढ सर्वात जवळच्या व्यवहार्य वाटेच्या लांबीच्या साधारण ४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे १० किलोमीटरच्या मार्गात ४०० मीटर. एकच मोठा डोंगर असला तर दोनदा वर-खाली केल्यावर हा कोटा संपतो. पण माझ्या मते खरा दोष दुसरा आहे. एकसारख्या उतारावर नकाशातल्या समोच्च रेषा शेजारीशेजारी सरळ जातात. त्यात वाचण्यासारखं काही नसतं, खेळाडूने फक्त आपण किती उंचीवर आहोत तेवढं सांभाळायचं.

याउलट स्वीडन-फिनलंडची जंगलं घ्या. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ मध्ये फिनलंडमधल्या फिस्कर्सला झाली. त्या भागातली जमीन हिमयुगातल्या बर्फाने खरवडून काढलेली आहे. छोटे खडकाळ उंचवटे, त्यांच्या मधे दलदल, इकडेतिकडे सोडून दिलेले धोंडे. चढ बेताचा, पण थोडं पुढे गेलं की जमीन काहीतरी नवं करते. चांगल्या भूभागाची पहिली खूण हीच, आणि ती घरबसल्या तपासता येते. फिनलंडच्या भूमापन खात्याने विमानातून केलेल्या लेसर मोजणीची माहिती २०१२ पासून सगळ्यांना खुली केली. तिच्यावरून झाडं वजा करून नुसत्या जमिनीचा आकार काढता येतो. त्या चित्रात रेषा वळणावळणाच्या, तुटक, मधेच गोल मिटणाऱ्या दिसल्या तर तिथे जाऊन पाहायला हरकत नाही.

तपशील मात्र नकाशात मावणारा हवा. उंचवटा, खड्डा किंवा धोंडा साधारण १ मीटर उंच वा खोल असेल तरच नकाशात जागा मिळवतो. मूळ प्रमाण १:१५,००० आहे, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर १५ मीटर होतो. दर तीन पावलांवर धोंडा असेल, तर नकाशा करणाऱ्याला त्यातले निवडक दाखवून बाकीचे गाळावे लागतात. मग धावणारा समोरच्या पन्नास धोंड्यांतला ‘तो’ कुठला, यावरच घोटाळत बसतो. कसोटी नकाशावाचनाची होती, ती नशिबाची होते.

आता प्रत्यक्ष जंगलात. बूट घाला आणि १०० मीटर सरळ रेषेत धावा. समजा, मोकळ्या जमिनीवर तुम्हाला ३० सेकंद लागतात. झाडीत तेवढंच अंतर ३७ सेकंदांच्या आत कापलं तर वेग ८० टक्क्यांच्या वर राहिला. असं जंगल नकाशात पांढरं दाखवतात. नवख्याला हे उलटं वाटतं, कारण झाडी म्हणजे हिरवं असं तो धरून चालतो. इथे हिरवा रंग अडचणीचा असतो. ५० सेकंदांपर्यंत लागले तर फिका हिरवा, त्याहून जास्त तर मधला, आणि अडीच मिनिटांच्या पुढे गेलात तर गडद. आपल्या सह्याद्रीतली दाट कारवी या हिशेबात गडदच ठरेल. ही चाचणी दोन-चार ठिकाणी करावी, तीही स्पर्धेच्याच मोसमात. एप्रिलमध्ये मोकळं वाटलेलं जंगल जुलैत कमरेइतक्या नेच्यांनी भरून जातं आणि खालचे दगड दिसेनासे होतात.

नजर किती लांब पोहोचते, हेही धावता धावताच पाहावं. जुन्या पाइनच्या जंगलात खूप पुढचं दिसतं, म्हणून तिथे खेळ वेगवान होतो. कमी दिसणं मात्र वाईटच असं नाही. स्लोव्हेनियात लिपित्सा भागातल्या चुनखडीच्या जमिनीत खोलगट खळगेच खळगे असतात आणि पुष्कळदा काठावर येईपर्यंत ते दिसत नाहीत. एकासारखा एक खळगा, मोजत गेलं नाही तर माणूस हरवतो. अशी जागा मला फिनलंडइतकीच आवडते.

पायवाटांचं जाळं दाट असेल तर मोठ्यांची स्पर्धा फिकी पडते, कारण वाटेने कंट्रोलजवळ जायचं आणि शेवटी आत शिरायचं, एवढंच उरतं. पण मुलांचे सोपे मार्ग वाटांच्याच आधाराने आखले जातात, तेव्हा एका कडेला तरी वाटा हव्यात. लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी मधे एखादं तळं किंवा मोठी दलदल असली तर उत्तम. डावीकडून जावं की उजवीकडून, हा निर्णय तिथे खरा घ्यावा लागतो.

शेवटी जमीनमालकाला गाठायचं. स्वीडनमध्ये कुणाच्याही जंगलात फिरण्याचा हक्क रूढीनेच सगळ्यांना आहे, तरी शेकडो खेळाडू आणायचे तर त्याच्याशी बोलणं सोडू नये. झाडांची तोड कधी होणार, हेही त्यालाच माहीत असतं. तोड झाली की जमिनीवर फांद्यांचे ढीग पडतात, आणि नवी लावलेली स्प्रूसची रोपं काही वर्षांत इतकी दाटतात की पांढरा भाग गडद हिरवा होतो. जानेवारी २००५ मध्ये गुड्रुन वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे ७.५ कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं. तिथे त्याआधीचा नकाशा हाती आला, तर त्यातल्या तपकिरी समोच्च रेषा अजूनही वापरता येतात. झाडीचे रंग मात्र पुन्हा धावून ठरवावे लागतात.