‘नाही’ कसं छापायचं?

संगणकाला एक ओळ छापायला सांगितली आणि तिच्यात घालायची किंमतच हाताशी नसली, तर त्या जागी काय छापायचं? आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घेऊ.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून 1904 साली अलिबागला वेधशाळा सुरू झाली. जगभरच्या अशा वेधशाळांच्या नोंदींसाठी ‘आयएजीए-2002’ नावाचा साचा आहे. साधा मजकूर, 70 अक्षरांची ओळ, प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली.

समजा, एका मिनिटाची नोंद हुकली. पायथनमध्ये ‘काहीच नाही’ याला ‘नन’ म्हणतात. ते तसंच ओळीत घातलं, तर ‘नन’ हा शब्दच छापला जातो. ‘नऊ अक्षरं, दोन दशांश स्थळं’ असा साचा लावला, तर प्रोग्राम तक्रार करून थांबतो. मग सोय म्हणून कोणी शून्य भरतो. पण शून्य ही किंमत झाली! अलिबागला क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला असतं. शून्य वाचणारा म्हणेल, ते बलच नाहीसं झालं.

आपल्या वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. ‘नाही’ म्हटलं, की ते विचारणार: कशाचं नाही, आणि कोणत्या प्रकारे नाही? हा साचा नेमकं तेच विचारतो. नोंद व्हायची होती पण हुकली, तर 99999.00, तो घटक तिथे मोजलाच जात नाही, तर 88888.00. दोन वेगळे अभाव, दोन वेगळ्या खुणा. आणि रकानाही सरकत नाही.

मात्र खूण ही खूणच राहिली पाहिजे. तासाच्या 60 नोंदींपैकी 59 नोंदी 38,000 आणि एक 99,999 धरून सरासरी काढा. ती हजारावर वर जाते. 1859 च्या प्रसिद्ध सौरवादळात कुलाब्याची घट सुमारे 1600 होती. म्हणजे हुकलेल्या एका मिनिटातून आपण न झालेलं वादळ उभं करू!

तेव्हा रीत अशी ठेवू या. प्रोग्रामच्या आत अभाव अभावच ठेवायचा. छापण्याच्या क्षणी आधी तपासायचं, किंमत आहे का? नसेल, तर कोणत्या प्रकारे नाही ते पाहून ठरलेली खूण घालायची. आणि फाइल परत वाचताना, कुठलंही गणित करण्यापूर्वी, त्या खुणांचा पुन्हा अभाव करायचा.