संगणकाने तापमापकावर किती विश्वास ठेवावा?

जळगावच्या केळीचा घड बागेतून हिरवाच निघतो. पुढे रायपनिंग चेंबरमध्ये त्याला इथिलीन वायू देतात आणि तापमान साधारण १४ ते १८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवून तो पिकवतात. उष्णता फार वाढली तर गर मऊ होतो, पण साल हिरवीच राहते. तापमान १३ अंशांखाली बराच वेळ राहिले तर सालीला इजा होते आणि पिकल्यावर ती काळपट, निस्तेज दिसते. हे नुकसान उशिरा उमगते आणि भरून निघत नाही.

अशा खोलीत एकच तापमापक पुरत नाही. पिकणारे केळे श्वसन करताना स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे थप्पीच्या मधले क्रेट भोवतालच्या हवेपेक्षा गरम असते. म्हणून हवेत आणि गरात, अशा अनेक जागी मोजावे लागते.

इथे डीएस१८बी२० हा छोटा सेन्सर उपयोगी पडतो. प्रत्येक सेन्सरमध्ये कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो. त्यामुळे एकाच तारेवर अनेक सेन्सर जोडले, तरी संगणक हव्या त्याला क्रमांकाने हाक मारू शकतो. मोजणीची पायरी ०.०६२५ अंशाइतकी बारीक असते, मात्र अचूकतेची हमी अर्ध्या अंशाची असते. पडद्यावर चार दशांश स्थळे दिसली, म्हणून ती सारी खरी मानायची नसतात.

तार जोडायची ती रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या संगणकाला. त्यावरची लिनक्स प्रणाली प्रत्येक सेन्सर एका फाइलच्या रूपात दाखवते. फाइलमध्ये १५६२५ दिसले, तर तापमान १५.६२५ अंश. पुढचे काम आज्ञावलीचे : १६.५ अंशांवर कॉम्प्रेसर सुरू, १५.५ वर बंद. मधले अंतर मुद्दाम ठेवलेले असते, नाहीतर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन खराब होईल.

खरी मेख पुढे आहे. या सेन्सरला वीज मिळताच, पहिली मोजणी होईपर्यंत, त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा असतो. जोडणी ढिली होऊन वीज क्षणभर तुटली आणि नवी मोजणी होण्याआधीच वाचन झाले, तर संगणकाला ८५ मिळतात. तारेवरची चूक पकडणारी तपासणीही हा आकडा पास करते, कारण तो जसा होता तसाच पोचलेला असतो. भोळी आज्ञावली खोली तापली असे समजून कॉम्प्रेसर चालू करते. जोडणी रात्रभर तशीच हलत राहिली, तर सकाळपर्यंत खोली गारठते.

उपाय साधे आहेत. क्षणात कित्येक अंशांची उडी दिसली, तर ते वाचन टाकून द्यावे. अनेक सेन्सरांमधला मधला आकडा धरावा. आज्ञावली अडकलीच, तर संगणक आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग चालू ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॉम्प्रेसरच्या वीजमार्गात एक स्वतंत्र, साधा थर्मोस्टॅट बसवावा. खोली १३ अंशांकडे सरकू लागली की संगणक काहीही म्हणो, तो वीज तोडेल.

नवी यंत्रणा बसवून घेताना, खोली रिकामी असतानाच, एका सेन्सरची तार उपटून पाहावी. कॉम्प्रेसरचे पुढे काय होते, हे माल भरण्याआधी कळलेले बरे.