शेवट गुंडाळल्याची फिर्याद

कथेचा प्रारंभ कसा असावा यावरून रसिकांत तंटा माजल्याचे सहसा ऐकिवात नाही; तंटा माजतो तो शेवटावरून, आणि तोही जिच्यावर आपण मनापासून जीव लावला अशा कथेच्याच शेवटावरून. न आवडलेली मालिका माणूस चौथ्या भागाला सोडतो आणि विसरून जातो. परंतु जिच्या पात्रांची सुखदुःखे आठ-आठ वर्षे वाहिली, जिच्यातील वंशावळी तोंडपाठ केल्या, ती मालिका अखेरच्या दीड तासात विसकटली तर तो दहा वर्षांनंतरही तिची फिर्याद घेऊन उभा राहतो, साक्षीपुरावे काढतो, अमुक सीझनमधील अमुक संवाद दाखला म्हणून पुढे करतो आणि समोरचा मनुष्य त्या शेवटाचा कैवार घेणारा निघाला तर भल्या पहाटेपर्यंत त्याचा उलटतपास घेतो. अमेरिकेत उगम पावलेला आणि आता आपल्याकडील तरुण मंडळींच्या बैठकींतही नित्य चालणारा हा खटला वरकरणी पोरकट वाटतो खरा. पण त्याचे कागदपत्र चाळू लागले, तर त्यात साहित्यशास्त्रातील एक जुनी आणि अद्याप निकालात न निघालेली बाब दडलेली आढळते.

जुनी म्हणण्याचे कारण, हा तंटा चित्रवाणीच्या जन्मापूर्वीचा आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधील कॉर्डेलियाचा मृत्यू इंग्रज प्रेक्षकांना इतका असह्य वाटला की १६८१ साली नेहम टेट नामक नाटककाराने तिला जिवंत ठेवून तिचे एडगरशी लग्न लावून दिले, म्हाताऱ्या राजाला गादी परत दिली, विदूषकाला रजा दिली, आणि ही गोड संहिता दीडशे वर्षांच्या आसपास रंगभूमीवर वहिवाटीने चालली; १८३८ साली मॅक्रेडी या नटाने मूळ लिअर पुनश्च उभा केला तेव्हा कोठे ती हटली. डॉक्टर जॉन्सनसारखा कठोर टीकाकारदेखील या बाबतीत टेटच्या बाजूचा, कारण मूळ नाटकाचे अखेरचे प्रवेश वाचून त्याला जो धक्का बसला त्यामुळे संपादनाचे काम अंगावर पडेपर्यंत त्याने ते पुन्हा उघडले नव्हते. इब्सेनवर तर याहून विचित्र प्रसंग आला. ‘डॉल्स हाऊस’ जर्मनीत करावयास निघालेल्या नटीने, मी माझी मुले टाकून कदापि जाणार नाही, या सबबीवर नायिका नोराचे गृहत्याग करणे नाकारले, आणि दुसऱ्या कोणी हात घालून नासवण्यापेक्षा आपणच नासवलेले बरे अशा विचाराने इब्सेनने स्वतःच्या हाताने पर्यायी शेवट लिहून दिला, ज्याची त्याला पुढे लाजच वाटली. डिकन्सने ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा उदास शेवट बुलवर-लिटन या मित्राच्या सल्ल्यावरून १८६१ साली बदलला, मूळ शेवट फॉर्स्टरने डिकन्सच्या चरित्रग्रंथात छापला आणि तेव्हापासून दोन शेवटांचे दोन पक्ष आजतागायत नांदत आहेत.

या सर्वांत वाचकांची सरशी झाली ती मात्र शेरलॉक होम्सच्या प्रकरणी. डिसेंबर १८९३ मध्ये कॉनन डॉइलने त्याला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यात लोटले, कारण होम्सपायी आपले ऐतिहासिक कादंबरीलेखन मागे पडते अशी त्याची तक्रार होती. त्यावर ‘स्ट्रँड’ मासिकाचे वीस हजारांवर वर्गणीदार गळाले असे सांगतात. लेखकाने आठ वर्षे दाद दिली नाही. मग १९०१ साली ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ सुरू झाली, तीही होम्सच्या मृत्यूपूर्वीची हकिकत म्हणून, आणि अखेर १९०३ साली होम्स खरोखरच जिवंत परतला. आपल्या आवडत्या पात्राचे मरण रद्द करवून घेता येते, हा धडा वाचकवर्गाने तेव्हा जो घेतला तो आजवर विसरलेला नाही. ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’मधील मिहीर २००१ साली मेला आणि प्रेक्षकांच्या आकांतामुळे परत आणावा लागला, तेव्हा तोच धडा आपल्या घरोघरी नव्याने गिरवला गेला.

तथापि कादंबरीचा शेवट आणि मालिकेचा शेवट यांत एक मूलगामी भेद आहे, आणि फिर्यादी मंडळी तो बहुधा ध्यानात घेत नाहीत. अमेरिकेतील व्यापारी चित्रवाणीवर मालिका संपण्यासाठी लिहिलीच जात नसे. प्रेक्षक आहेत तोवर ती चालवावयाची आणि प्रेक्षक ओसरले की एके दिवशी बंद करावयाची, असा शिरस्ता होता. पात्रांची कथा पूर्ण झाली किंवा न झाली, हा प्रश्न जाहिरातींच्या हिशेबात बसत नव्हता. ऑगस्ट १९६७ मध्ये ‘द फ्युजिटिव्ह’ने आपल्या पळपुट्या डॉक्टरला निर्दोष ठरवून रीतसर समाप्ती केली, तेव्हा शेवटच्या भागालाही प्रचंड गिऱ्हाईक असते हे धंद्याला कळले, आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी ‘मॅश’चा अडीच तासांचा अखेरचा भाग दहा कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला, तेव्हा तर शेवट हाच एक राष्ट्रीय सोहळा होऊन बसला. सोहळा म्हटला की अपेक्षा आल्या, आणि अपेक्षांच्या मागोमाग रुसवेफुगवे आलेच.

‘साइनफेल्ड’वर याच सोहळ्याने अन्याय केला असे माझे मत आहे. नऊ वर्षे ज्या चार स्वार्थी, कोडग्या स्नेह्यांवर लोक मनमुराद हसले, त्यांना १४ मे १९९८ च्या अखेरच्या भागात एका लुटल्या जाणाऱ्या माणसाला मदत न करता त्याची टवाळी केल्याबद्दल कोर्टापुढे उभे केले गेले, पूर्वीच्या भागांत ज्यांना ज्यांना त्यांनी छळले ते सारे साक्षीला आले, आणि चौघांची तुरुंगात रवानगी झाली. सात कोटींहून अधिक प्रेक्षकांपैकी पुष्कळांना तो शेवट कडू लागला, कारण त्या निवाड्यात आरोपींबरोबर हसणाऱ्यांवरही अप्रत्यक्ष ठपका होता. ज्या मालिकेने नऊ वर्षे कोणत्याही पात्राला शहाणे होऊ दिले नाही तिने अखेरच्या दिवशी त्यांना गहिवर आणला असता, तर ती खरी फसवणूक ठरली असती. ‘द सोप्रॅनोज’ने १० जून २००७ च्या रात्री याहून पुढची मजल मारली: न्यू जर्सीतील एका खानावळीत नायक टोनी सोप्रॅनो कुटुंबासह बसला असता, दार उघडल्याची चाहूल लागताच पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. कित्येकांना वाटले की आपली केबल गेली. त्या काळ्या पडद्याचा अर्थ लावण्याचे काम आजही चालू आहे, आणि त्या कामातच मालिकेचे आयुष्य वाढले.

परंतु हे दोन्ही शेवट जाणूनबुजून केलेले होते. फिर्याद खरोखर दाखल करण्याजोगी प्रकरणे निराळी. ‘हाऊ आय मेट युअर मदर’ या मालिकेत बाप आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली हे नऊ सीझन सांगत राहतो. मुलांची कामे करणारे नट मोठे होऊन जातील या धास्तीने शेवटच्या प्रसंगाचे त्यांचे चित्रण २००६ च्या सुमारासच उरकून ठेवले होते. त्या चित्रणाप्रमाणे आई मेलेली, आणि मुले बापाला जुन्या प्रेयसीकडे, रॉबिनकडे, जावयास सांगतात. मधल्या आठ वर्षांत कथा मात्र भलतीकडे वाहत गेली. रॉबिनचे दुसऱ्याशी लग्न ठरले, त्या लग्नाच्या दोन-तीन दिवसांवर जवळजवळ अवघा अखेरचा सीझन खर्ची पडला, आई प्रत्यक्ष अवतरली आणि प्रेक्षकांना विलक्षण भावली. एवढे झाल्यावर ३१ मार्च २०१४ रोजी तासाभरात ते लग्न मोडले, आई वारली आणि जुन्या कपाटातील चित्रण बाहेर निघाले. लेखकांनी शेवट आधी ठरवला होता, ही त्यांची कैफियत खरी आहे. पण कथेने मध्यंतरी दिलेल्या साक्षीकडे त्यांनी कानाडोळा केला, हा फिर्यादीचा मुद्दाही तितकाच खरा आहे. पुढे डीव्हीडीवर आई जिवंत राहणारा दुसरा शेवट देण्यात आला, म्हणजे टेट आणि इब्सेन यांचीच परंपरा चालू राहिली.

‘लॉस्ट’चे प्रकरण याच्या उलट. विमान कोसळून बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या या कथेत कोडी आधी पेरली गेली आणि उत्तरांचा शोध मागाहून सुरू झाला. २००७ साली निर्मात्यांनी वाहिनीकडून मालिका २०१० मध्ये संपविण्याचा करार मिळविला, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती; तरीही २३ मे २०१० रोजी जे समोर आले त्यात बेटाच्या कोड्यांपेक्षा पात्रांच्या मरणोत्तर पुनर्भेटीला अधिक जागा मिळाली. त्यात वाहिनीने श्रेयनामावलीच्या वेळी विमानाच्या भग्नावशेषांची दृश्ये दाखविली, आणि सर्व मंडळी पहिल्याच दिवशी मेली होती असा संपूर्ण चुकीचा समज जो पसरला तो आजही पुसला गेलेला नाही.

आता ‘गेम ऑफ थ्रोन्स’. १९ मे २०१९ रोजी ही मालिका संपली, आणि आठवा सीझन नव्याने लिहून काढावा अशा अर्जावर पंधरा लाखांहून अधिक सह्या पडल्या. त्याच वर्षी तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला. मुख्य आक्षेप डेनेरिसविषयीचा. गुलामांना मुक्त करणारी ही राणी शहर शरण आल्याची घंटा वाजल्यानंतरही ते जाळून काढते. येथे मला भरताच्या नाट्यशास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. भरताने कथानकाचे पाच संधी सांगितले आणि मुखसंधीत पेरलेले बीज निर्वहणात फलरूपाने एकत्र यावे असा दंडक घातला. त्याचबरोबर निर्वहणात अद्भुतरसाची योजना करावी असेही त्याने सांगून ठेवले, म्हणजे शेवटाने चकित करणे हा शास्त्रानेच दिलेला अधिकार आहे. डेनेरिसच्या क्रौर्याचे बीज पहिल्या सीझनपासून पेरलेले होते, तेव्हा बीज नव्हते असे म्हणणाऱ्यांनी मालिका पुन्हा पाहावी. पण बीज आणि फळ यांमधील गर्भ व विमर्श हे संधी लेखकांनी गाळले. आधीचे सीझन दहा-दहा भागांचे होते, सातवा सात भागांचा झाला आणि आठवा अवघ्या सहा भागांचा. वाहिनी अधिक भाग द्यावयास राजी असताना निर्मातेद्वयाने त्र्याहत्तराव्या भागाला पूर्णविराम दिला. पूर्वी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्यास पात्रांना अख्खा सीझन लागे, ती आता जाहिरातीइतक्या अवधीत पोहोचू लागली. माझ्या मते डेनेरिसचा शेवट योग्य होता. त्या शेवटापर्यंतचा रस्ता तेवढा गाळला गेला.

चित्रपटमालिकांत दोष निराळ्या प्रकारचा आढळतो, कारण तेथे मुळात शेवट झालेला असतो आणि तो मोडून पुढे जावयाचे असते. ‘स्टार वॉर्स’ची पहिली त्रयी १९८३ साली सुखरूप संपली होती. १९९९ साली जॉर्ज लुकसने पूर्वकथा आणली तेव्हा चाहत्यांनी जार जार बिंक्स या पात्रावर इतकी आग पाखडली की ते काम करणाऱ्या अहमद बेस्ट या नटाच्या मनात आयुष्य संपविण्याचे विचार आले, असे त्यानेच पुढे जाहीरपणे सांगितले. २०१२ साली डिस्नीने सुमारे चार अब्ज डॉलर्स मोजून सारी दौलत विकत घेतली. नव्या तीन चित्रपटांची एकसंध संहिता मात्र आधी सिद्ध केली नाही. परिणामी २०१७ च्या चित्रपटात रायन जॉन्सनने नायिका रे हिला सामान्य, नाव नसलेल्या आईबापांची मुलगी ठरविले, आणि २०१९ च्या चित्रपटात अब्रॅम्सने तिला सम्राट पॅल्पटीनची नात ठरवून तो निवाडा फिरविला. रुष्ट चाहत्यांची मर्जी राखण्यासाठी हे केले गेले असेल तर ती मर्जीही राखली गेली नाही. दोन्ही पक्ष नाराज झाले. आणि २०१७ च्या चित्रपटात काम करणाऱ्या केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीची वंशावरून इतकी विटंबना झाली की तिने समाजमाध्यमांतील आपले लेखन पुसून टाकले. कलाकृतीवरील फिर्याद नटाच्या चामडीवर वसूल करणाऱ्यांना रसिक म्हणावयास मी तयार नाही.

आपल्या मराठी मालिकांकडे पाहिले तर फिर्यादीचा रोख बदलतो. येथे शेवट वाईट झाल्यापेक्षा तो होतच नाही ही तक्रार मोठी. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली; ‘होणार सून मी ह्या घरची’मधील जान्हवीचे लांबलेले गरोदरपण हा अवघ्या महाराष्ट्राच्या थट्टेचा विषय झाला. टीआरपी आहे तोवर पाणी घालावयाचे आणि तो घसरला की आठवडाभरात गुंडाळावयाचे, ही रीत अमेरिकेने निदान काही अंशी सोडली, आपण अद्याप कवटाळून आहोत. मालिका सोडून हिंदी चित्रपटाकडे वळले, तर ‘शोले’चा शेवट १९७५ साली आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या हुकुमाने बदलला गेला. ठाकूर गब्बरला ठार करतो तो मूळ शेवट पुनरुज्जीवित प्रतीत मोठ्या पडद्यावर प्रथम दिसला तो २०२५ च्या जूनमध्ये, आणि तोही इटलीतील बोलोन्या येथे.

मग प्रेक्षकाचा हक्क कोणता? माझ्या मते तो वहिवाटीचा आहे, मालकीचा नव्हे. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या शेतातून ये-जा करणाऱ्याला पायवाट बंद झाल्याबद्दल दाद मागता येते. शेतात काय पेरावे याचा हुकूम सोडता येत नाही. लेखकाने जी वाट स्वतः दाखविली ती त्याने मध्येच का बुजविली, हे विचारण्याचा अधिकार प्रेक्षकाला पुरेपूर आहे, आणि त्या अधिकाराने केलेली समीक्षा मला पुष्कळदा व्यवसायी समीक्षेहून बारकाईची वाटते. अमका का मेला, तमकीचे लग्न तमक्याशी का लागले नाही, ही मात्र फिर्याद नव्हे, हट्ट आहे. सह्यांचे अर्ज करून सीझन फिरून लिहवून घेता आला असता, तर आपल्याला आणखी एक नेहम टेट मिळाला असता, एवढेच.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या खटल्यात तर मुख्य साक्षीदाराची जबानीच अजून व्हावयाची आहे. मूळ कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनी आपल्या शेवटाची ठळक वळणे निर्मात्यांना सांगितली होती, पण त्यांच्या मालेतील पाचवा खंड २०११ साली निघाला आणि सहावा अद्याप प्रसिद्ध झालेला नाही.