करविषयक आकडा : दूरचित्रवाणी आणि संसद

४ जून २०२४ रोजी ब्रिटनमधील निवडणूक वादविवादात पंतप्रधान ऋषी सुनक यांनी, मजूर पक्ष सत्तेवर आल्यास प्रत्येक कुटुंबावर २००० पौंडांचा करभार वाढेल, असे वारंवार सांगितले. ही चार वर्षांची एकत्रित रक्कम होती. श्रोत्यास ते कळणे अशक्य, असा आक्षेप सांख्यिकी नियामकांनी दोन दिवसांनी नोंदविला. पंचेचाळीस सेकंदांच्या उत्तरात मुदतीचा खुलासा कसा व्हावा?

महाड तालुक्यातील नाते येथे जन्मलेले, १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर गेलेले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या काळातील मृत्युकराचे विधेयक मात्र प्रवर समितीच्या छाननीतून जाऊन १९५३ मध्ये संमत झाले. प्रचार आणि विधिनिर्मिती यांची तुलना काटेकोर नव्हे, हे मान्य. तथापि आकड्याची मुदत विचारण्याचे समितीचे काम वादविवादात सूत्रसंचालकानेच तत्क्षणी करावयास हवे.