आकडे जुळले, पण रक्त?

१९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार सापडला. १९५८ मध्ये आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं, आणि आपल्या विदर्भाच्या रक्ताचा प्रश्न वैद्यकाच्या दप्तरी लागला. त्या काळी साधं हिमोग्लोबिन मोजणं हेसुद्धा नजरेचं काम होतं. साहलीच्या नळीत पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड घ्यायचं, बोट टोचून ०.०२ मिलिलिटर रक्त पिपेटमध्ये तोंडाने ओढून त्यात सोडायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळवायचा. खिडकीतला उजेड बदलला, बघणारा बदलला, की आकडाही बदलायचा.

१९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने सायनमेथहिमोग्लोबिनची पद्धत प्रमाण मानली. ड्रॅबकिनच्या द्रावणात मिसळलेलं रक्त ५४० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतं ते यंत्राने वाचायचं, आणि यंत्र प्रमाण द्रावणाशी ताडून घ्यायचं. डोळ्यावरचा भार गेला. साहलीची नळी मात्र एमबीबीएसच्या प्रॅक्टिकलला टिकून राहिली!

पुढचा घोळ एचबीएवनसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनवर चढलेल्या साखरेचा, मधुमेहींच्या तीन महिन्यांच्या प्रगतिपुस्तकाचा. एकाच रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे येत. अमेरिकेत १९९६ पासून यंत्रं एका मापाला बांधायचं काम सुरू झालं, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धतही ठरली. ७ टक्के म्हणजे नव्या एककात ५३, असा हिशेब पक्का झाला.

इथेच विदर्भ आडवा येतो. सिकलवाहकाच्या रक्तात नेहमीच्या हिमोग्लोबिनसोबत 'एस' प्रकारचंही असतं, आणि काही पद्धती त्याने फसतात. ती अडचण योग्य यंत्र निवडून सुटते. प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णात मात्र तांबडी पेशी १२० ऐवजी जेमतेम १०-२० दिवस जगते. तिच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही, त्यामुळे उत्तम यंत्रही कमी आकडा देतं आणि मधुमेह आटोक्यात असल्याचा भास होतो. अशा वेळी डॉक्टरांना थेट साखर किंवा रक्तातल्या प्रथिनांवर चढलेली साखर दाखवणारं फ्रुक्टोसामाइन बघावं लागतं.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्यातली तपासणी मुख्यतः चाळिशीपर्यंतच्यांची. मधुमेहाचे पेशंट बहुतेक त्यापुढचे, म्हणजे त्या तपासणीबाहेरच राहणारे. पण हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्रात एचबीएवनसीसाठी दिलेल्या नमुन्याच्या आलेखात 'एस'चा उंचवटा अनेकदा आयताच दिसतो. नागपूरच्या लॅबनी तो रिपोर्टवर लिहिलाच पाहिजे, आणि आकड्याखाली पद्धतीचं नावही.