रेंज घराचीही असते

नव्या घरात राहायला गेल्यावर पाण्याची वेळ, कचरागाडीची वेळ, लिफ्टची कटकट हे सगळं आठवडाभरात अंगवळणी पडतं. फोन फक्त बाल्कनीत लागतो, ही गोष्ट मात्र पडत नाही. बँकेचा ओटीपी वेळेत येत नाही, कुरिअरवाला गेटवरून फोन करून निघून जातो, गावाकडे एकट्या असलेल्या आईवडिलांचा फोन लागत नाही म्हणून जीव टांगणीला लागतो. अशा वेळी बहुतेकांचा राग आधी कंपनीवर निघतो, मग हँडसेटवर, आणि शेवटी नंबर पोर्ट करायचं ठरतं. या तिन्हींमागे समजूत एकच असते: रेंज ही कंपनीने विकलेली आणि आपण विकत घेतलेली वस्तू आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. इमारतीच्या बाहेर, रस्त्यावर मिळणारी रेंज कंपनीची असते. घराच्या आत जी पोचते ती बऱ्याच अंशी त्या घराची असते, म्हणजे भिंतींची, काचांची, मजल्याची आणि खिडकी कोणत्या दिशेला उघडते त्याची. तसं असेल तर तिची चौकशी घर घेण्याआधी व्हायला हवी, आणि तिच्या जबाबदारीतला काही वाटा घर बांधणाऱ्याकडेही जायला हवा.

जुन्या इमारतींत खांब आणि तुळया काँक्रीटच्या असत, मधल्या भिंती विटांच्या. आता पुण्या-मुंबईतल्या मोठ्या गृहप्रकल्पांत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायची पद्धत सर्रास दिसते. बांधकामाच्या साइटवर तिला मिवान म्हणतात. काम झपाट्याने होतं आणि भिंती सरळ येतात, पण आतल्या भिंतीही सळयांच्या जाळीसकट काँक्रीटच्या होतात. वीट जेवढा सिग्नल आत सोडते तेवढा काँक्रीट सोडत नाही. शिवाय उन्हाचा ताप कमी करण्यासाठी काही काचांवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. डोळ्यांना तो जवळपास दिसत नाही, रेडिओलहरींना मात्र तो आरशासारखा असतो. अशी काच सिग्नल २० ते ३० डेसिबलने कमी करू शकते. २० डेसिबल हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ शंभरातला एकच हिस्सा आत आला. त्यात लहरींचा स्वभावही पाहावा लागतो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे खालचे पट्टे लांब जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी वाट काढतात, पण ते अरुंद असल्यामुळे गर्दीत लवकर तुंबतात. ५जीचा भरपूर वेग येतो तो मुख्यतः ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यातून, आणि तो भिंतीपाशी लवकर दमतो. म्हणून सोसायटीच्या आवारात ५जी धावतं आणि न्हाणीघराशेजारच्या आतल्या खोलीत साधा कॉल तुटतो, यात विसंगती काहीच नाही.

उंच मजल्यांची तऱ्हा आणखी निराळी. वरच्या मजल्यावर रेंज उत्तम असणार असं सगळे धरून चालतात. टॉवरचे अँटेना मात्र रस्त्याकडे आणि खालच्या वस्तीकडे किंचित झुकवलेले असतात. पंचविसाव्या मजल्यावर मग जवळच्या टॉवरचा मुख्य झोत पोचत नाही. पोचतात ते दूरदूरच्या अनेक टॉवरचे सिग्नल, सगळे साधारण सारख्याच ताकदीचे. फोन कधी याला धरतो, कधी त्याला. काड्या भरलेल्या दिसतात, पण बोलणं मधेच तुटतं. तसाही काड्यांवर फार विसंबू नये. कोणत्या पातळीला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोनकंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सापडतो. तो ऋण असतो: उणे ८० ते ९० असेल तर छान, उणे ११० च्या खाली गेला तर अडचण, उणे १२० म्हणजे जवळपास अंधार. आणखी एक खूण नेहमीची आहे. समोरच्याचं आपल्याला नीट ऐकू येतं, आपलं मात्र त्याला तुटक जातं. टॉवर कित्येक वॅट ताकदीने बोलतो, फोनकडे साधारण एक पंचमांश वॅट असतो, त्यामुळे भिंतीशी झालेल्या झटापटीत आधी हरतो तो फोनच.

यावर कोणी म्हणेल, कंपन्यांच्या सेवेवर लक्ष ठेवायला दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, आहेच की. आहे, आणि त्याने काही चांगली कामं केलीही आहेत. २०२४ च्या सेवागुणवत्ता नियमांनी कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा द्यायला लावला. घर शोधणाऱ्याने तो जरूर पाहावा. कोणती कंपनी त्या भागात मुळातच लंगडी आहे ते त्यावरून कळतं. पण सहाव्या मजल्यावरच्या मागच्या बेडरूममध्ये काय होईल ते नकाशा सांगू शकत नाही. सेवेच्या दर्जाची जी सरासरी सर्कलनिहाय, म्हणजे दूरसंचार विभागवार, काढली जाते तिचंही तसंच. महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई आणि लगतचा पट्टा सोडून गोव्यासह उरलेलं सगळं राज्य. एवढ्या विस्तारावर काढलेली सरासरी कितीही चांगली आली तरी एका खोलीतल्या माणसाच्या ती उपयोगाची नसते. नियमन हळूहळू एकेका सेलच्या, म्हणजे टॉवरच्या एकेका टापूच्या, पातळीवर उतरतं आहे, पण तेही भिंतीच्या बाहेरच थांबतं.

पोर्ट करणं हा उपाय खोटा नाही. देशभर जानेवारी २०११ पासून ही सोय आहे आणि ती आता सरळही झाली आहे. इंग्रजीत पोर्ट हा शब्द आणि आपला नंबर लिहून १९०० वर पाठवला की कोड येतो. तो चार दिवस चालतो, आणि त्याच सर्कलमध्ये काम साधारण तीन कामकाजी दिवसांत होतं. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले नसतील किंवा गेल्या सात दिवसांत सिम बदललं असेल, तर थांबावं लागतं. मात्र घाई करण्याआधी दुसऱ्या कंपनीचं एक प्रीपेड सिम आणून घराच्या प्रत्येक खोलीत, दिवसा आणि रात्री, वापरून पाहावं. फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असा मजकूर दिसत असेल तर तोही काही सांगतो: दुसऱ्या कोणाचा तरी सिग्नल तिथे आहे, आपल्या कंपनीचा नाही. तिथे पोर्ट करून गुण येईल. पण सगळ्याच कंपन्या दारात दिसतात आणि स्वयंपाकघरात नाहीशा होतात, अशा घरात नंबर कितीही फिरवला तरी भिंत तीच राहते.

त्याहून वजनदार आक्षेप वायफाय कॉलिंगचा आहे. डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी ही सोय सुरू केली. फोनच्या सेटिंगमध्ये ती चालू केली की कॉल घरच्या ब्रॉडबँडवरून जातो, वेगळं ॲप लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत, आणि बहुतेक वेळा एसएमएसही त्याच वाटेने येतो. आजच्या घडीला अडलेल्या माणसाला पहिला सल्ला हाच द्यावा, यात शंका नाही. पण म्हणून प्रश्न सुटला असं म्हणणं म्हणजे ज्याच्याकडे ब्रॉडबँड नाही, ज्याचा फोन स्वस्तातला किंवा साधा बटणांचा आहे, त्याला यादीतून काढून टाकणं. घरकामाला येणाऱ्या बाई, वॉचमन, पाहुणे, तळमजल्याच्या पार्किंगमध्ये छातीत कळ आलेला माणूस, यांतल्या कोणाकडे आपल्या वायफायचा पासवर्ड असतो? वीज गेली आणि राउटर बंद पडला की घरही गप्प. राहता राहिला बाजारात मिळणारा बूस्टर. तो विकत घेण्याच्या फंदात पडू नये. परवानगीशिवाय असं यंत्र लावणं बेकायदा आहे, आणि ते आजूबाजूच्या सगळ्यांच्या सिग्नलमध्ये गोंधळ घालतं.

मग टॉवरच वाढवा, असं म्हटलं की सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. टॉवरच्या रेडिओलहरींची भीती वेडगळ म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कर्करोगकारक असू शकतात’ अशा गटात टाकल्या होत्या. पण त्या गटात टाकण्याचं कारण पुरावा मर्यादित आहे हेच आहे, आणि तो मुख्यतः कानाला लावलेल्या फोनबद्दलचा होता. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांशावर आणली आहे. शिवाय टॉवर जितका लांब, तितका फोन जास्त ताकद लावतो, आणि ती ताकद डोक्याशेजारी खर्च होते; बॅटरी लवकर उतरते ती त्याचमुळे. टॉवर हटवून फोन वापरत राहणाऱ्या सोसायटीने धोका कमी केला असं म्हणता येत नाही.

हा सगळा युक्तिवाद शहरी आहे, हेही मान्य करायला हवं. सह्याद्रीच्या घळीतल्या वाडीवर सिग्नल अडतो तो डोंगराने. तिथे घराला दोष देणं क्रूरपणा होईल. तिथे टॉवरच हवा, सरकारी पैशातून हवा, आणि तो एकाच कंपनीचा नको. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचं ४जी वापरू देण्याची सोय सुरू झाली, ती म्हणूनच योग्य दिशेची आहे.

शहरात मात्र इलाज इमारतीच्या आतच आहे. मॉल, विमानतळ, मोठी रुग्णालयं यांत छतापाशी छोटे अँटेना बसवून सिग्नल मजल्यामजल्यावर नेलेला असतो. निवासी इमारतीत तो नेता येत नाही असं नाही, फक्त त्याची तयारी आधी करावी लागते. ट्रायने २५ ऑक्टोबर २०२४ ला इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम काढले. पण ते ऐच्छिक आहेत, आणि ज्याला कमी तारे मिळायची भीती आहे तो बिल्डर रांगेत उभा राहणार नाही. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नोंदणीत चटई क्षेत्र आणि ताब्याची तारीख सांगावी लागते, तशी इमारतीच्या आत रेंजची काय सोय आहे तेही सांगायला लावलं पाहिजे. घरं आधीच महाग आहेत, त्यात आणखी भर कशाला, हा बिल्डरांचा आक्षेप अपेक्षित आहे. पण मागणी अँटेनांची नाही, वाटेची आहे. प्रत्येक मजल्यावरून जाणारा एक मोकळा डक्ट, उपकरणांसाठी लहानशी खोली आणि बॅकअपची वीज, एवढं बांधतानाच ठेवलं तर खर्च किरकोळ येतो. भिंती काँक्रीटच्या झाल्यावर तेच काम ड्रिल घेऊन करायचं म्हटलं तर सोसायटीच्या सभेत ते कधीच मंजूर होत नाही. यंत्रणा कोणत्याही एका कंपनीशी बांधलेली नसावी, हेही लेखी हवं. नाहीतर बिल्डर एखाद्या कंपनीशी एकट्याने करार करतो आणि उरलेल्या रहिवाशांना सिम बदलायला लावतो. ज्या जुन्या सोसायट्या सध्या पुनर्विकासाच्या करारावर सह्या करायच्या बेतात आहेत, त्यांच्या हाती हे कलम घालून घेण्याची संधी आज आहे. विटांची इमारत पाडून त्या जागी काँक्रीटच्या भिंतींची उभी राहणार आहे, आणि जुन्या घरात लागणारा फोन नव्यातही लागेल असं त्या करारात आपण घातल्याशिवाय कोणी लिहून देणार नाही.