कापडावर छापलेला करार

पत्त्यांचे बहुतेक खेळ तोंडी नियमांवर चालतात. घराघरांत ते बदलतात आणि त्यावरून भांडणंही होतात. कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकचे मुख्य नियम मात्र टेबलाच्या कापडावरच छापलेले असतात: ब्लॅकजॅकला दोनाला तीन, डीलरने सतरावर थांबायचं, विम्याला एकाला दोन. खेळणारा आणि कॅसिनो यांच्यातला हा उघडा करार आहे. कॅसिनो जिंकतो तो याच कराराच्या जोरावर, म्हणून टेबल वाचता येणं महत्त्वाचं.

टेबल अर्धवर्तुळाकार असतं. गोलाईच्या बाजूला बहुधा सात खुर्च्या, कुठे पाच किंवा सहा, आणि सरळ बाजूला डीलर उभा. प्रत्येक खुर्चीसमोर कापडावर एक वर्तुळ असतं. चिप्स त्यातच ठेवायच्या. डीलरच्या पुढ्यात चिप्सचा गल्ला. त्याच्या डाव्या हाताला पिसलेली पानं ठेवलेली पेटी, म्हणजे शू, आणि उजव्या हाताला वापरलेल्या पानांचा ट्रे. शूमध्ये बहुधा सहा किंवा आठ कॅट एकत्र असतात, म्हणजे ३१२ किंवा ४१६ पानं.

पानं वाटायला सुरुवात होते ती डीलरच्या डाव्या टोकापासून. तिथल्या खुर्चीला फर्स्ट बेस म्हणतात आणि शेवटच्या खुर्चीला थर्ड बेस. दोन्ही नावं बेसबॉलमधली. राजा, राणी, गुलाम यांचे दहा धरायचे, एक्क्याचा एक किंवा अकरा, बाकी पानांवर असेल तो आकडा. एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जायचं. ओलांडलं की बाद. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान आलं, तर तो हात ब्लॅकजॅक.

थर्ड बेसवर बसणाऱ्याच्या वाट्याला फुकटचा राग येतो. त्याने एक पान जास्त मागितलं आणि डीलरचा हात जमून आला, की सगळं टेबल त्याच्याकडे बघतं. पण पुढचं पान कोणतं हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्या मागण्याने टेबलाचं जेवढ्या वेळा नुकसान होतं, तेवढ्याच वेळा भलंही होतं. भलं झालेलं कुणी लक्षात ठेवत नाही, एवढंच.

इथे बोलण्यापेक्षा हातांना किंमत आहे. पान हवं असेल तर कापडावर बोट टेकवायचं, नको असेल तर तळहात आडवा हलवायचा. वाद झाला तर छतातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहून निकाल देता यावा, म्हणून ही खूण सक्तीची. नोटाही डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, कापडावर ठेवायच्या. तो त्या सगळ्यांना दिसतील अशा पसरून मोजतो, तेवढ्या चिप्स पुढे सरकवतो आणि नोटा पट्टीने फटीतून खालच्या पेटीत ढकलतो. पाळी संपवून टेबल सोडताना दोन्ही हात उलटसुलट करून रिकामे दाखवतो. दोन्ही बाजूंना संशयाला जागाच राहू नये, यासाठी ही सगळी शिस्त.

मग कॅसिनोचा फायदा येतो कुठून? एक हात बघू. तुमच्याकडे दश्शी आणि छक्की, म्हणजे सोळा. डीलरचं उघडं पान राजा. तुम्ही पान मागता, अठ्ठी येते. चोवीस, बाद. डीलर तुमच्या चिप्स तिथल्या तिथे उचलतो. मग तो आपलं झाकलेलं पान उलटतो. तीही छक्की निघते. सोळावर त्याला पान घ्यावंच लागतं. नव्वी येते आणि तोही बाद. पण तुमचे पैसे केव्हाच गेलेले असतात. आधी खेळायची पाळी तुमची, यातच कॅसिनोची कमाई आहे.

ही कमाई किती, याचा नीट हिशेब १९५६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लष्कराच्या अ‍ॅबरडीन तळावरच्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी तो साध्या गणकयंत्रांवर केला होता. कोणत्या हातावर पान घ्यावं आणि कुठे थांबावं, हे त्यांनी मांडून दाखवलं. १९६२ मध्ये गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी ‘बीट द डीलर’ या पुस्तकात त्यापुढचं पाऊल टाकलं: गेलेली पानं लक्षात ठेवली तर पारडं खेळणाऱ्याकडे झुकू शकतं. १९६४ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून नियम कडक केले, पण गिऱ्हाईक फिरकेनासं झाल्यावर काही आठवड्यांत ते मागे घ्यावे लागले. त्यानंतर एका कॅटची जागा हळूहळू अनेक कॅटच्या शूने घेतली.

आपल्याकडे हे टेबल पाहायला मिळतं ते मुख्यतः पणजीला, मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना वाट करून देण्यात आली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

टेबल कुठलंही असो, कापडावरच्या दोन ओळी नीट वाचाव्यात. पहिली विम्याची. डीलरचं उघडं पान एक्का असेल, तर त्याच्या ब्लॅकजॅकवर वेगळे पैसे लावता येतात, त्यालाच विमा म्हणतात. एका कॅटमधून तो एक्का वगळला की ५१ पानं उरतात आणि त्यांत दहाच्या किमतीची १६ असतात. एकाला दोन हा भाव रास्त ठरायला ती १७ हवीत. एका पानाची ही तूट खेळणाऱ्याच्या खिशातून भरली जाते. म्हणून विमा घेऊ नये.

दुसरी ओळ ब्लॅकजॅकच्या भावाची. एक्का आणि दहाचं पान सुरुवातीलाच साधारण एकवीस हातांत एकदा येतं. दोनाला तीन या भावाने हजार रुपयांवर पंधराशे मिळतात. अलीकडे पुष्कळ टेबलांवर पाचाला सहा असं छापलेलं असतं. तिथे बाराशेच मिळतात. चांगल्या नियमांत आणि अचूक खेळात कॅसिनोचा वाटा शंभराला जेमतेम अर्धा रुपया असतो. या एका बदलाने तो दोन रुपयांच्या आसपास जातो, म्हणजे जवळपास चौपट. खुर्च्या त्याच, पत्ते तेच, डीलरही तेवढाच हसतमुख. फरक फक्त छापलेल्या दोन आकड्यांचा, आणि तो खुर्ची ओढण्याआधी उभ्याउभ्या वाचता येतो. पाचाला सहा दिसलं, तर त्या टेबलावर बसू नये.